आधी कामं मांडा, मग पेन उचला : कलाविद्यार्थ्याने वर्षाचं आत्मपरीक्षण कसं लिहावं

‘या वर्षातली माझी वाटचाल आणि पुढची उद्दिष्टं’ असं टिपण मागितलं की बहुतेक विद्यार्थी लगेच पेन हातात घेतात. चूक तिथेच होते. आठवणीतून लिहायला बसलं की आठवतं ते शेवटचं सबमिशन, सरांनी सगळ्यांसमोर केलेलं एखादं कौतुक आणि एखादा अपमान. बाकीचे आठ महिने गायब. मग ‘मला लहानपणापासून चित्रकलेची आवड’ इथून गाडी सुटते आणि ‘स्वतःची शैली शोधायची आहे’ या स्टेशनात थांबते. ज्यूरीला, म्हणजे वर्षाची कामं तपासणाऱ्या परीक्षकांना, अशी चाळीस टिपणं वाचायची असतात, आणि नावं झाकली तर त्यातलं कोणाचं कुठलं हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

क्रम उलटा करायचा आहे. कामं गोळा करणं, तारखा लावणं, मांडून बघणं, जोड्या लावून मोजणं, कारण तपासणं, आणि मग लिहिणं. उद्दिष्टं सगळ्यात शेवटी. फाउंडेशन (पायाभूत वर्ष), एटीडी (कलाशिक्षक पदविका), जी. डी. आर्ट (शासकीय कला पदविका), बीएफए (कला पदवी), कुठल्याही वर्षाला ही पद्धत चालते. उदाहरणं मुख्यतः ड्रॉइंग-पेंटिंगची आहेत. उपयोजित कला (जाहिरात, पोस्टर, अक्षरांकन) आणि शिल्पकलेत जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

तयारी : वेळ, जागा, सामान

दोन दिवस राखून ठेवा. पहिल्या दिवशी गोळा करणं, मांडणं आणि बघणं, चार तास. दुसऱ्या दिवशी लिहिणं, तीन तास. मध्ये एक रात्र जाऊ द्या. मांडलेली कामं बघून लगेच लिहिलं की लिखाणात चिडचिड तरी उतरते नाहीतर लाड. कारणांची चाचणी करण्यासाठी (टप्पा ५) आणखी एखादी दुपार लागेल. ज्यूरीच्या आदल्या रात्री यातलं काही होत नाही, तेव्हा किमान दहा दिवस आधी सुरुवात करा.

जागेचा हिशेब असा. हाफ इम्पिरियल शीट १५ बाय २२ इंच. वीस शीट पाच-पाचच्या चार ओळींत, मध्ये चार-चार इंच सोडून मांडल्या, तर साधारण साडेदहा फूट बाय सहा फूट जमीन लागते, शिवाय भोवती फिरायला जागा. वर्ग रिकामा असताना शिपाईकाकांना विचारून एक दुपार मिळाली तर उत्तम. गच्चीवर मांडणार असाल तर सावली आणि वारा दोन्ही आधी बघा. घर एका खोलीचं असेल, किंवा कामं अजून कॉलेजच्या ताब्यात असतील, तर फोटोंच्या चार बाय सहा इंची प्रिंट काढून त्या सतरंजीवर मांडा. मोबाईलच्या पडद्यावर एकेक सरकवत बघणं मात्र चालणार नाही. सगळं एकदम नजरेत येणं हाच मांडण्याचा उद्देश आहे.

सामान थोडंच लागतं : दोनबी पेन्सिल, एक वही, मास्किंग टेप, चिठ्ठ्या, सेंटिमीटरची पट्टी, हातात मावेल असा आरसा, मोबाईल.

इशारा : चारकोल आणि पेस्टलची कामं एकमेकांवर ठेवू नका, मध्ये बटर पेपर घाला. मांडण्याआधी पंखा बंद करा. मास्किंग टेप कागदाला लावण्याआधी दोनदा कपड्यावर चिकटवून काढा. नवा कोरा टेप कार्टरिजचा (ड्रॉइंगच्या नेहमीच्या कागदाचा) पापुद्रा घेऊनच निघतो.

टप्पा १ : कामं गोळा करा, बिघडलेली आधी

सगळेजण चांगली कामं आणतात. आत्मपरीक्षणाला त्यांचा उपयोग कमी असतो. अर्धवट सोडलेली, फाडून पुन्हा चिकटवलेली, पलंगाखाली ढकललेली, मागच्या बाजूला रंगांचे पट्टे तपासलेली, अशी कामं आधी बाहेर काढा. रफ आणि थंबनेलही (कल्पना शोधताना काढलेली छोटी कच्ची चित्रं) घ्या. स्केचबुकं सगळी, बसच्या तिकिटामागे काढलेल्या रेघांसकट. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांनी अंतिम आर्टवर्कइतकेच नाकारलेले ले-आऊट महत्त्वाचे मानावेत. शिल्पकलेत मातीकाम मोडून टाकलेलं असतं, तेव्हा फोटो हाच पुरावा, आणि तो चारही बाजूंचा हवा.

चाळीस-पन्नासच्या वर कामं असतील तर निवड करावी लागेल, पण ‘आवडलेली’ हा निकष नको. साधा नियम ठेवा : प्रत्येक महिन्यातलं पहिलं, शेवटचं आणि सगळ्यात फसलेलं. दहा महिन्यांची तीस कामं होतात, तेवढी पुरतात.

सबमिशनला दिलेली शीट परत मिळायला महिने लागतात, कधी मिळतही नाही. म्हणून द्यायच्या आधी फोटो. उन्हात नाही, सावलीत, खिडकीजवळ; फ्लॅश बंद; बोर्ड उभा करून मोबाईल त्याला समांतर. अगदी जवळून काढलेल्या फोटोत शीटच्या कडा फुगतात, त्यामुळे चार पावलं मागे जाऊन झूम करा. पांढऱ्या कागदाचा फोटो मोबाईल करडा करून टाकतो, तर पडद्यावर बोट दाबून उजेड थोडा वाढवा.

तपासा : ढिगात किमान एक तृतीयांश कामं अशी आहेत का, जी तुम्ही कोणाला स्वतःहून दाखवली नसती? नसतील तर पुन्हा शोधा.

टप्पा २ : पाठीमागे नोंद करा

प्रत्येक कामाच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलने हलक्या हाताने एवढं लिहा : क्रमांक, तारीख, लागलेला वेळ, माध्यम, समोर बसून की फोटोवरून की आठवणीतून, दिलेलं काम की स्वतःचं, आणि त्यावर सरांनी किंवा मॅडमनी जे म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत. बॉलपेन वापरू नका, त्याचा ठसा पुढच्या बाजूला उठतो. मार्करची शाई पातळ कागदातून पुढे येते.

तारीख आठवत नसेल तर मोबाईलच्या गॅलरीत फोटोचा तपशील उघडा. पण व्हॉट्सअॅपवरून परत उतरवलेल्या फोटोला उतरवल्याची तारीख लागते, काढल्याची नाही. वर्गाच्या ग्रुपवर तो पहिल्यांदा कधी टाकला ते शोधा. स्केचबुकाच्या पानांचा क्रम म्हणजे तारखांचा क्रम असंही धरू नका. निम्मे विद्यार्थी शेवटच्या पानापासूनही वही वापरतात.

‘समोर बसून की फोटोवरून’ ही नोंद टाळण्याचा मोह होतो. टाळू नका. फोटोवरून केलेलं व्यक्तिचित्र आणि मॉडेल बसवून केलेलं व्यक्तिचित्र यांची तुलना करून ‘प्रगती’ दाखवणारी टिपणं दरवर्षी येतात, आणि दरवर्षी ज्यूरीतला कोणीतरी पहिला प्रश्न तोच विचारतो.

टप्पा ३ : मांडा आणि वीस मिनिटं काहीही लिहू नका

कामं तारखेच्या क्रमाने मांडा. माध्यमाप्रमाणे नाही, विषयाप्रमाणे नाही, गुणांप्रमाणे तर नाहीच. नंतर तीन फेऱ्या मारा.

पहिली फेरी लांबून, सहा-आठ फुटांवरून, डोळे बारीक करून. तपशील पुसला जातो आणि टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटा, उरतो. कुठली शीट एकसारखी करडी दिसते? कुठल्या महिन्यापासून काळा खरोखर काळा व्हायला लागला? खात्री करायची तर संपूर्ण मांडणीचा एक फोटो काढून तो मोबाईलवर कृष्णधवल करा. रंगाच्या चकचकाटामुळे जी कामं ‘जमली’ असं वाटत होतं, त्यातली काही इथे सपाट पडतात.

दुसरी फेरी जवळून, वाकून. कडा बघा, रेघेचा दाब बघा, खोडलेल्या जागा बघा. रबर कुठे जास्त फिरलंय? हात, कान, पाय, भांड्याचा तळ. नेहमी चारच जागा निघतात, फक्त प्रत्येकाच्या चार वेगळ्या असतात. शंका येईल तिथे काम आरशात बघा. डोळ्याला सवय झालेली वाकडी मान उलट्या प्रतिमेत लगेच दिसते.

तिसरी फेरी पाठीची. सगळी शीट उलटी करून फक्त नोंदी वाचा. ‘टोन वाढव’ किती वेळा आलंय? एकाच सरांकडून की तिघांकडून? एका शिक्षकाने पाच वेळा सांगितलेली गोष्ट त्यांची आवड असू शकते. तीन वेगळ्या शिक्षकांनी एकेकदा सांगितली असेल तर ती तुमची चूक आहे.

इशारा : या टप्प्यावर मित्रांना बोलवू नका. एकाने ‘हे भारी आहे यार’ म्हटलं की तुमची नजर उरलेला वेळ त्याच कामावर अडकते. मित्रांची गरज टप्पा ७ मध्ये आहे.

टप्पा ४ : जोड्या लावा आणि पट्टीने मोजा

टिपणाचं वजन या टप्प्यावर ठरतं. जास्तीत जास्त वेळ इथे द्या.

सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक अशा जोड्या लावा. चार-पाच पुरतात. जोडीची अट कडक ठेवा : माध्यम तेच, आकार साधारण तोच, वेळ जवळपास तेवढाच, आधार तोच (समोर बसून, फोटोवरून की आठवणीतून). पंधरा मिनिटांचं स्केच आणि चार तासांचा हेड स्टडी (फक्त डोक्या-चेहऱ्याचा अभ्यास) ही जोडी नाही. जुलैमधलं पोस्टर कलर आणि फेब्रुवारीतलं तैलरंग हीही नाही.

आता प्रत्येक जोडीत मोजता येईल असं काहीतरी शोधा. ‘सुधारलं’ हा शब्द अजून वापरायचा नाही.

हेड स्टडीत डोळ्यांची रेषा माथा आणि हनुवटीच्या साधारण मध्यावर येते. बहुतेकांची ती वर सरकते, कारण चेहऱ्यात लक्ष डोळे-नाक-तोंडावर असतं आणि कपाळ-कवटी उरलेल्या जागेत कोंबली जाते. पट्टी लावा : माथा ते डोळे किती, डोळे ते हनुवटी किती. मॉडेलने मान खाली किंवा वर केली असेल तर हे माप बदलतं, तशी जोडी वगळा.

स्टिल लाइफमध्ये (मांडलेल्या वस्तूंच्या चित्रात) तांब्या, पातेलं, बरणी असं काही असणारच. नजरेच्या खाली ठेवलेल्या भांड्याचं तोंड जेवढं उघडं दिसतं, त्याहून तळाची लंबगोल कडा जास्त उघडी असायला हवी. सुरुवातीच्या कामांत तोंड छान गोल आणि तळ सरळ रेघ, असा तांब्या निघतो, जणू टेबलात रुतलाय. तोंडाची रुंदी आणि उंची मोजा, तळाचीही मोजा. तळाचा अर्धा लंबगोलच दिसतो, तेव्हा उरलेला हलकेच पूर्ण करून मग मोजा. उंचीला रुंदीने भागलं की दोन आकडे मिळतात. तळाचा आकडा मोठा हवा.

फिगर ड्रॉइंगमध्ये उभ्या आकृतीत किती डोकी बसतात ते मोजा. साडेसातच्या आसपास यायला हवं. पाचसाडेपाच येत असेल तर डोकं मोठं होतंय, आणि बहुधा तुम्ही डोक्यापासून सुरू करून कागद संपेल तसे पाय आखूड करता. हे कागदाच्या खालच्या कडेवरूनही कळतं : तिथे पावलं कापली गेलीत का?

टोनसाठी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच पायऱ्यांची पट्टी करून कृष्णधवल फोटोशेजारी धरा. किती पायऱ्या खरोखर वापरल्यात? दोन-तीनच सापडणं फार सामान्य आहे.

उपयोजित कलेत थंबनेल मोजा. एका कॅम्पेनला तीन थंबनेल करून चौथ्यावर अंतिम काम केलं असेल तर ‘कल्पना सुचत नाहीत’ ही तक्रार खोटी ठरते, शोधल्याच नाहीत. देवनागरी अक्षरांकन असेल तर शिरोरेषा झाकून फक्त अक्षरांच्या मधली मोकळी जागा बघा. ‘र’ आणि ‘ग’च्या आसपास भोकं पडलेली दिसतील.

स्वभावाची, सवयींची वाढसुद्धा मोजण्यातूनच लिहायची आहे. किती कामं सत्तर टक्क्यांवर थांबली? किती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली? दिलेल्या कामांशिवाय स्वतःहून केलेली किती? सबमिशनच्या आधीच्या चार दिवसांत केलेली किती? तीसपैकी तेरा कामं शेवटच्या चार दिवसांतली असतील, तर ‘मी शिस्तप्रिय झालो’ हे वाक्य आपोआप मरतं. आणि पूर्वी वर्षाला दोन कामं पूर्ण होत होती, आता नऊ होतायत, हा आकडा कुठल्याही विशेषणापेक्षा मोठा आहे.

तपासा : प्रत्येक जोडीखाली तीन ओळी आहेत का? काय बदललं, काय बदललं नाही, कशावरून. तिसरी ओळ रिकामी असेल तर पहिल्या दोन खोडा.

टप्पा ५ : कारण अंदाजाने लिहू नका, तपासा

चूक सापडली की विद्यार्थी तिथेच कारण चिकटवून टाकतात : ‘सराव कमी पडला.’ हे उत्तर कधीच चुकीचं नसतं आणि कधीच उपयोगी नसतं.

जलरंगाची कामं मळकट, चिखलासारखी होतात असं समजा. कारणं बरीच असू शकतात. पाण्याचं एकच भांडं. पहिला वॉश (पाणी घातलेल्या रंगाचा पातळ थर) ओला असताना दुसरा. तीन-चार रंग एकात कालवणं. पातळ कार्टरिजवर काम, जो पाणी पडताच लाटा घेतो आणि खळग्यांत रंग साचतो. पॅलेटवरचा वाळलेला जुना थर. शिवाय हवामान : मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये वॉश वाळता वाळत नाही, त्यामुळे पावसाळ्यातलं चिखल झालेलं काम आणि मे महिन्यातलं स्वच्छ काम यांच्यात प्रगती नसून ऋतू असू शकतो.

चाचणी अशी करा. एकाच कागदाचे पोस्टकार्डाएवढे तीन तुकडे, विषय एकच, समजा एक लिंबू आणि त्याची सावली. पहिला तुकडा नेहमीच्या सवयीने. दुसऱ्यात फक्त एक बदल : पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला, एक रंगात पाणी घ्यायला. तिसऱ्यात पुन्हा एकच भांडं, पण पहिला वॉश पूर्ण वाळल्यावरच दुसरा. वाळला की नाही ते हाताच्या पाठीने बघा. कागद गार लागतो तोवर आत ओल आहे. ज्या तुकड्यात चिखल गेला, ते तुमचं कारण. दोन बदल एकदम केले तर काहीच कळणार नाही. तिन्हींत चिखल राहिला तर कागद बदलून चौथा करा.

दर चुकीसाठी असं शक्य नाही. दोन मुख्य चुका निवडा आणि तेवढ्याच तपासा. बाकीच्यांपुढे ‘कारण तपासलेलं नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं चालतं.

कौशल्याचं कारण आणि परिस्थितीचं कारण वेगळं ठेवा. रोज कल्याणहून सीएसएमटीपर्यंत तासाभराहून जास्त उभ्याने प्रवास, संध्याकाळी क्लासवर शिकवणं, घरी बोर्ड ठेवायला जागा नसणं, ही खरी कारणं आहेत आणि टिपणात यावीत. पण त्यांचा कामावर झालेला परिणाम लिहा, नुसती अडचण नको. ‘घरची परिस्थिती कठीण होती’ यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. ‘ऑक्टोबरपासून शनिवार-रविवार नोकरी, त्यामुळे आउटडोअर लँडस्केप सहावरून शून्यावर’ यातून कळतं.

इशारा : आजारपण, घरातली भांडणं, मनाची अवस्था यांचा तपशील ज्यूरीसमोर ठेवायला तुम्ही बांधील नाही. दोन प्रती करा. स्वतःच्या वहीतल्या प्रतीत सगळं लिहा. द्यायच्या प्रतीत ‘वैयक्तिक कारणाने दोन महिने काम बंद’ एवढं पुरतं.

टप्पा ६ : आता लिहा

सहाशे ते आठशे शब्द. पाच भाग, याच क्रमाने : काय केलं (आकड्यांत, तीन-चार ओळी), काय बदललं (दोन जोड्या), काय बदललं नाही (दोन जोड्या), का, आणि यात माझ्या स्वतःच्या निवडीने काय आलं. शेवटचा भाग छोटा असला तरी वगळू नका. दिलेल्या कामांच्या बाहेर हात कुठल्या विषयाकडे वळतो, ते स्केचबुकात दिसतंच. अकरा पानांवर जिने असतील तर तसं लिहा. जिने का, याचं तत्त्वज्ञान सांगायची गरज नाही.

प्रत्येक दाव्यापुढे कामाचा क्रमांक हवा. नमुन्यासाठी एकच परिच्छेद दोन तऱ्हांनी बघा.

फसलेला : ‘या वर्षी माझ्या व्यक्तिचित्रणात खूप सुधारणा झाली. सुरुवातीला प्रमाणाचा अंदाज येत नव्हता, पण सततच्या सरावाने आता आत्मविश्वास वाढला आहे आणि मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो आहे.’

जमलेला : ‘जुलैतल्या हेड स्टडीत (काम ४) माथा ते डोळे साडेपाच सेंटिमीटर आणि डोळे ते हनुवटी आठ आहे, म्हणजे डोळे वर गेलेत. फेब्रुवारीत (काम २७) हीच मापं सात आणि साडेसात आहेत. मधल्या काळात मी आधी कवटीचा अंडाकार टाकून त्याचा मध्य खुणावायला लागलो. हे समोरून बसलेल्या मॉडेललाच जमतं. मान वळली की (काम २२, २५) लांबचा डोळा अजूनही जवळच्याइतकाच मोठा निघतो.’

दुसऱ्यात शेवटची दोन वाक्यं सगळ्यात मोलाची आहेत, कारण पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट त्यांतूनच निघतं. ज्यूरीलाही ती दोन वाक्यं आवडतात. चूक जागेवर बोट ठेवून सांगणारा विद्यार्थी शिकवायला सोपा जातो.

शब्दांची छाटणी करा. आंतरिक, प्रगल्भ, अभिव्यक्ती, सर्जनशील प्रवास, कलेप्रती समर्पण : यातला प्रत्येक शब्द खोडून वाक्य वाचा. अर्थ कमी झाला नाही तर तो परत आणू नका. दुसऱ्या कोणाचं नाव वर घातलं तरी जे वाक्य खरं ठरेल तेही काढा. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या टिपणात नेमकी हीच वाक्यं उरतात. काम ४ आणि काम २७ त्याने कधी पाहिलेली नसतात.

कॉलेजला इंग्रजीत हवं असेल तरी आधी मराठीत लिहा. रेंडरिंग, टोन, कॉम्पोझिशन हे शब्द तसेच राहू द्या, वर्गात आपण तेच बोलतो. मग छोट्या वाक्यांत स्वतः इंग्रजी करा. थेट इंग्रजीत लिहायला गेलं की माहीत असलेलीच वाक्यं सुचतात, आणि तुमच्या शीटवर जे दिसतं ते त्यात बसत नाही.

फाउंडेशनच्या मुलांना एक सांगणं : ‘माझी कलाविषयक भूमिका’ लिहू नका. पहिल्या वर्षी ती नसते, आणि नसली तर बिघडत नाही.

टप्पा ७ : दाव्यांची झडती

आता मित्र बोलवा, एकच. दुसऱ्या शाखेतला असेल तर आणखी चांगलं. त्याला टिपण द्या, कामं समोर मांडा आणि ‘कसं वाटतंय?’ असं अजिबात विचारू नका. काम एवढंच द्या : प्रत्येक दाव्यासाठी शीटवर बोट ठेव. जिथे त्याचं बोट हवेत राहील, तो दावा काढा किंवा क्रमांक बदला. इन्स्टाग्रामवरच्या लाइक हा पुरावा धरू नका. तिथे बहुतेकदा विषयाला दाद मिळते, ड्रॉइंगला नाही.

मग मोठ्याने वाचा. दम लागतो ते वाक्य मोडा.

टप्पा ८ : उद्दिष्टं, कागद आणि तासांच्या हिशेबाने

तीनच घ्या : एक कौशल्याचं, एक स्वतःच्या विषयाचं, एक काम बाहेर पाठवण्याचं. सात-आठ लिहिणाऱ्यांचं दुसऱ्या महिन्यात एकही चालू नसतं.

आधी वेळ मोजा. वर्षाचे ५२ आठवडे. सबमिशन, परीक्षा, गणपती-दिवाळी, गावी जाणं, आजारपण वगळून स्वतःच्या कामाला तीस धरा. आठवड्याला खरोखर मोकळे पाच तास मिळत असतील तर दीडशे तास झाले. त्यातले निम्मेच हाती लागतील असं समजून पंचाहत्तरचा बेत करा. एका हाफ शीट स्टिल लाइफला सहा तास लागत असतील तर बाराच होतील. पन्नास लिहून उपयोग नाही.

कागदही मोजा. एका फुल इम्पिरियल शीटच्या दोन हाफ, चार क्वार्टर. चाळीस क्वार्टर शीटचा बेत म्हणजे दहा फुल शीट, आणि त्या जूनमध्येच एकगठ्ठा आणून ठेवा. शीट संपली म्हणून थांबलेला बेत क्वचितच पुन्हा सुरू होतो.

उद्दिष्ट लिहिताना काय, किती, कोणत्या आकारात, कधीपर्यंत आणि आठवड्यातल्या कुठल्या वेळेत, हे सगळं हवं. टप्पा ६ च्या नमुन्यातून निघणारं कौशल्याचं उद्दिष्ट असं : ‘तीन-चतुर्थांश वळलेल्या मानेचे वीस हेड स्टडी, क्वार्टर शीट, चारकोल, प्रत्येकी चाळीस मिनिटं, समोर माणूस बसवून, दर बुधवारी-शनिवारी एकेक, ऑगस्टअखेरपर्यंत.’ आणि त्यासाठी काय सोडणार तेही लिहा. काही न सोडता मिळालेले तास कागदावरच राहतात.

विषयाच्या उद्दिष्टात सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘स्वतःची शैली शोधणे’ हे करता येण्याजोगं काम नाही. एकच जागा वीस वेळा काढणं हे आहे : एसटी स्टँड, भाजीबाजार, आपल्याच इमारतीचा जिना. वीस झाल्यावर त्यात काही सारखेपणा दिसला तर त्याला शैली म्हणायला लोक आहेतच.

तिसऱ्या उद्दिष्टात निकाल आणि कृती वेगळे करा. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात किंवा महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात निवड होणं तुमच्या हातात नाही. प्रवेशपत्रिका निघण्याआधी तीन कामं पूर्ण करणं, त्यांचे नीट फोटो काढणं, मापं लिहून ठेवणं आणि मुदतीच्या आठवडाभर आधी पाठवणं हातात आहे. तेवढंच लिहा. फ्रेमचा खर्च आधी विचारून ठेवा; शेवटच्या दिवशी फ्रेमवाल्याकडे रांग असते.

तपासा : प्रत्येक उद्दिष्टापुढे टिपणातल्या एखाद्या कामाचा क्रमांक लिहिता येतो का? येत नसेल तर ते उद्दिष्ट दुसऱ्या कोणाचं तरी बघून घेतलेलं आहे.

टप्पा ९ : ज्यूरीत आणि सहा आठवड्यांनी

ज्यूरीत टिपण वाचून दाखवू नका. एक जोडी हातात घ्या, शेजारी-शेजारी धरा, तीन मिनिटं बोला : हे जुलैतलं, हे फेब्रुवारीतलं, हे बदललं, हे अजून चुकतंय. ‘सॉरी सर, वेळ कमी पडला’ने सुरुवात करू नका. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर शीटकडे बघून जे दिसतंय ते सांगा. ज्यूरी जे बोलेल ते बाहेर आल्या आल्या त्या कामाच्या पाठीमागे लिहा. संध्याकाळपर्यंत शब्द बदलतात.

टिपण दिलं त्या दिवसापासून सहा आठवड्यांनंतरची तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा. त्या दिवशी तिन्ही उद्दिष्टांपुढे ठरवलेला आणि झालेला आकडा लिहा. ठरवल्याच्या एक तृतीयांशाहून कमी झालं असेल तर स्वतःला बोल लावत बसू नका, आकडा किंवा वेळ बदला : चाळीस मिनिटांचा स्टडी वीसचा करा, बुधवार जमत नसेल तर रविवार सकाळ धरा. विषय मात्र या तपासणीत बदलू नका, तो किमान तीन महिने तसाच राहू द्या. आणि नव्या कामाच्या पाठीवर त्याच संध्याकाळी क्रमांक आणि तारीख टाका, म्हणजे पुढच्या वर्षी टप्पा २ करायचा उरणार नाही.